सांधा नवा, हाड जुने



मी डॉक्टर नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि रात्रीच्या वाचनात झाले. माझे बोलणे त्या बेतानेच घ्यावे.

सोलापुरात आमच्या युनियनमध्ये एक मावशी होत्या. चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. गुडघे गेले, तेव्हा आम्ही वर्गणी काढून एक गुडघा बदलून घेतला. सांध्याच्या किमतीवर मी तावातावाने भांडलो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम सांध्याला करांखेरीज ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली होती. तो आकडा मला पाठ होता. मावशी चालू लागल्या. आठव्या महिन्यात मोरीच्या उंबऱ्याला अडखळल्या, आणि नव्या सांध्याच्या वरच मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, "हाडांची घनता तपासली होती का?" किंमत पाठ असलेला मी गप्प बसलो.

सांध्याची झीज वेगळी, हाडाचा ठिसूळपणा वेगळा. झीज दुखते, ठिसूळपणा मुका असतो. साध्या एक्स-रेतही तो पुष्कळ हाड गेल्यावरच दिसतो. दुखऱ्या गुडघ्याने माणूस घरी बसतो. भार पडत नाही म्हणून हाड विरळ होते. शस्त्रक्रियेनंतर भार धातू उचलतो, म्हणून त्याच्या शेजारचे हाड पहिल्या वर्षात आणखी विरळ होते. कामगाराला हे समजावे लागत नाही: काम काढून घेतले की हात बसतात.

घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, काही मिनिटे पडून राहण्याची; सुई नाही, भूल नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ठिसूळपणा, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ पासूनची रेषा. म्हातारपणी झिजलेल्या मणक्याचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, खुब्याचाही पाहावा. आकडा वाईट आला म्हणून शस्त्रक्रिया टळतेच असे नाही. औषध सुरू करता येते, आणि सांधा कसा बसवायचा याचा विचार सर्जनला आधी करता येतो.

मावशींना नंतर आठवड्याची गोळी मिळाली. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही. त्यांनी पहिली गोळी चहाबरोबर घेतली! आता सून समोर बसून देते. दुसऱ्या गुडघ्याची तारीख मिळाली आहे. या वेळी डेक्साचा कागद माझ्या खिशात आहे.