निळा निळाच छापला पाहिजे



आज मी छपाईवर बोलणार आहे. हसू नका.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. पुढं स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण. त्याचंच नंतर बुद्ध भूषण झालं. शब्द आपला आणि शाई दुसऱ्याच्या हातात, हे किती दिवस चालणार होतं?

आज आपल्या पोरांकडं छापखाना नाही, लॅपटॉप आहे. मागं एका 14 एप्रिलला आम्ही पुस्तिका काढली. वस्तीतनं दहा-दहा, वीस-वीस रुपये गोळा केलेले. गठ्ठा सोडला, तर मुखपृष्ठावरचा निळा जांभळा झालेला. आत कवितेतली जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडं. मी प्रेसवाल्याच्या अंगावर धावून गेलो. तो म्हणाला, "फाइल तुमचीच होती." सालं खरं होतं ते.

मग शिकलो. तेच सांगतो.

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. शाया चार: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. पडद्यावरचा झगझगीत निळा त्यांच्यात मावतच नाही. सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के टाकलं की जांभळट येणारच. सायन शंभर असेल तर मॅजेंटा साठ-सत्तरच्या वर नेऊ नका. फाइल सीएमवायकेत करा आणि आधी छापील नमुना मागा.

मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांचा काळा केला आणि प्लेट केसभर सरकली, की अक्षराला सावली पडते.

फोटोला इंचाला 300 ठिपके लागतात. सहा इंच रुंद फोटोला 1800. व्हॉट्सॲपवर दाबून आलेला मोर्चाचा फोटो छापला की माणसांचे चेहरे पुसले जातात. आपले चेहरे आजवर कमी पुसले का? मूळ फोटो मागवा.

रंग कडेपर्यंत असेल तर चारी बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर काढा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी कड दिसते. अक्षरं मात्र कडेपासून आत. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत.

आणि फाँट. आपला फाँट प्रेसच्या संगणकात नसला की तिथं दुसरा येऊन बसतो आणि मराठीचा चुथडा होतो. म्हणून उघडी फाइल देऊ नका. फाँट आत बसवून पीडीएफ द्या. ती आधी दुसऱ्याच्या संगणकावर उघडा आणि शब्द न् शब्द वाचा.

हजारो वर्षं आपल्याला अक्षर नाकारलं. ते मिळवायला आपल्या माणसांनी काय सोसलं, मी सांगायला नको. ते आपल्याच आळसानं फुटकं छापलं जात असेल, तर शिव्या कुणाला घालणार? प्रत्येक वस्तीत हे काम येणारी दोन पोरं, दोन पोरी तयार झाल्या पाहिजेत. छापायला टाकण्याआधी फाइल त्यांच्या हाताखालनं गेली पाहिजे.

जयभीम.