जांभळाचा रंग आणि बाईंचे उत्तर



मृग नक्षत्र लागते आणि अंधेरी स्थानकाबाहेरच्या पाट्यांत जांभळे दिसू लागतात. शाळाही त्याच सुमारास उघडतात, आणि मुले आपली जांभळी जीभ एकमेकांना दाखवीतच वर्गात शिरतात. ज्या रंगास मराठीने या फळाचेच नाव दिले, तो रंग म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या हाती विनासायास आलेले शैक्षणिक साधन होय.

अंधेरीच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात जांभळाचा पाठ चालला होता. एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, जांभळाच्या बियांनी मधुमेह बरा होतो ना? आमच्या आजोबांनी गोळ्या बंद केल्या. ते आता रोज बियांची पूड घेतात.” बाईंनी मान डोलाविली नाही, की प्रश्न हसण्यावारीही नेला नाही. “आधी फळात काय आहे ते पाहू,” एवढेच त्या म्हणाल्या.

जांभळाची साले पाण्यात चुरगळून त्यांनी रस गाळून घेतला आणि तीन पेल्यांत ओतला. एका पेल्यात लिंबू पिळले. रस लाल झाला. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. रस निळसर-हिरवट दिसू लागला. तिसरा पेला तुलनेसाठी तसाच ठेविला. या रंगद्रव्यास अँथोसायनिन म्हणतात. आम्लात व अल्कात त्याच्या रेणूची रचना पालटते, आणि त्याबरोबर रंगही पालटतो. झाडाला या रंगाचा उपयोग असा, की पिकलेले फळ पक्ष्यांच्या नजरेस पडते आणि बी दूरवर जाते.

मग बाईंनी विचारले, “जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत का होते?” त्याचे कारण टॅनिन. हे द्रव्य लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तुरटपणा जाणवतो. बियांत गॅलिक व एलॅजिक ही आम्लेही असतात. बियांच्या पुडीचा उपयोग आपल्याकडे परंपरेने होत आला आहे, आणि प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या काही प्रयोगांत रक्तातील साखर उतरल्याचे आढळलेही आहे.

परंतु प्राण्यांवरील प्रयोग निराळा आणि रोग्याचा उपचार निराळा. ब्राझीलमधील संशोधकांनी मधुमेही रुग्णांवर केलेली एक चाचणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तीत जांभळाच्या पानांचा काढा घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर उतरली नाही. औषधाची गोळी घेणाऱ्यांची उतरली. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. तथापि गोळीच्या जागी पूड घ्यावी, असे म्हणण्यास तेवढा पुरावा नाही. मधुमेह दुखत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांस तो मुकाट्याने पोखरीत असतो.

शाळा सुटताना बाईंनी त्या मुलाच्या वहीत पालकांसाठी दोन ओळी लिहिल्या : “आजोबा पूड घेतात हे डॉक्टरांस अवश्य सांगावे. त्यांच्या सल्ल्यावाचून गोळी थांबवू नये.” चार दिवसांनी मुलाने निरोप आणिला. दवाखान्यात रक्त तपासले, साखर वाढली होती, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आजोबांनी आणखी एक विचारले होते : जांभळे खाल्ली तर चालतील का? बाईंनी उत्तर धाडले, “तेही डॉक्टरांसच विचारावे, फळ म्हणून बेताने खाण्यास ते बहुधा नाही म्हणणार नाहीत.”

पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळास 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागातील या फळाचा अभिमान मुलांस अवश्य वाटू द्यावा. रसाचा प्रयोग प्रत्येक वर्गात करावा. त्यास खर्च असा काहीच नाही. मात्र प्रयोगाचा रस कोणी पिऊ नये, आणि बियांचे औषध म्हणून गुणगान करू नये. मूल शाळेत ऐकलेले घरी सांगते, आणि घरचे ते शिक्षकाच्या शब्दावर मानतात. तो शब्द पुराव्यापुढे एक पाऊलही जाऊ नये, एवढी जबाबदारी आपली आहे.