परमुलखातील माणूस
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल समयी पूर्वजांचे स्मरण करावे, ही आपली रीत होय. आज मला अशा पूर्वजांचे स्मरण करावयाचे आहे की, जे रक्ताने आपले नव्हते. ते स्वदेश सोडून परमुलखात आले आणि तेथेच राबले. परका मनुष्य आपला कशाने होतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रांत सापडते. आपल्याच घरांतील मुले परमुलखी जात असता हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

प्रथम नाव घ्यावयाचे ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन गावी 1549 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या देशी त्या काळी कॅथलिक धर्म उघडपणे आचरणे दंडनीय होते. म्हणून रोम येथे 1575 साली ते येशूसंघात दाखल झाले. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून त्यांचे गलबत निघाले, ते 24 ऑक्टोबरला गोव्यास लागले. पुढे सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे 1619 साली देह ठेवीपर्यंत, ते गोव्यातच राहिले. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

ते आले तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. राज्यकर्त्यांच्या छत्राखाली येणाऱ्या गोऱ्या मनुष्यास लोकांची भाषा शिकण्याची निकड भासत नाही. दुभाष्यावर त्याचे भागते. स्टीफन्स यांनी तो सोपा मार्ग पत्करला नाही. साष्टीच्या खेड्यांतून हिंडता हिंडता ते कोंकणी आणि मराठी शिकले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे, ही गोष्ट त्यांनी 1583 सालीच आपल्या भावास पत्राने कळविली. नव्या श्रद्धावंतांना वाचावयास पुराणासारखा ग्रंथ हवा होता. त्यांची ही मागणी ऐकून स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते 1616 साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापिले गेले. देऊळ, कीर्तन, ओवी यांत वाढलेल्या माणसाच्या कानाला ओळखीच्या वाटतील अशा शब्दांत त्यांनी मुक्तिदात्याची कथा सांगितली आणि त्याच ग्रंथात मराठीची थोरवीही गाइली. कोंकणी भाषेचे त्यांचे व्याकरण त्यांच्या पश्चात 1640 साली प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर 65 वर्षांनी, 1684 साली, त्याच गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढिला की, लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. एका परक्याने येथील भाषा मस्तकी धरिली आणि परक्या सत्तेने ती लोकांच्या तोंडून काढू पाहिली. दोघेही समुद्रापलीकडूनच आलेले! परंतु एक शिकावयास बसला आणि दुसरी हुकूम सोडीत राहिली. परकेपणा जन्मस्थानात नसून वृत्तीत असतो, याहून अधिक पुरावा कशास हवा?

तथापि परमुलखातील मनुष्याने कितीही जीव लावला, तरी त्याचे भाग्य सर्वस्वी त्याच्या हाती नसते. याची साक्ष आपल्या नगर शहरानेच पाहिली आहे. मुंबई-पुण्याच्या मिशनात जर्मन येशूसंघीयांनी अर्धशतकाहून अधिक काळ शाळा चालविल्या आणि खेडोपाडी देवशब्द पोहोचविला. 1914 साली महायुद्ध पेटताच सरकारदप्तरी प्रत्येक जर्मन मनुष्य शत्रू ठरला. नगरच्या छावणीत जर्मन लोक स्थानबद्ध झाले. 1915-16 मध्ये मिशनऱ्यांनाही जहाजांत बसवून परत धाडण्यात आले. त्यांनी शिकविलेली मुले मात्र येथेच राहिली आणि त्यांची प्रार्थना मराठीतच चालू राहिली.

पुढे 1948 साली स्वित्झर्लंडहून फादर हर्मन बाखर आले. अवर्षणाने गांजलेल्या नगर जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांसमवेत पाणलोटाचे काम हाती घेतले. डोंगरमाथ्यावर चर खणावेत, ओघळींना बांध घालावेत, पळणारे पाणी चालते करावे आणि चालते पाणी जमिनीत मुरवावे, असे ते काम. 1993 साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. हिमशिखरांच्या देशातील मनुष्याने आमच्या माळरानाची तहान ओळखली, हे पाथर्डीकरांस निराळे समजावून सांगावयास नको.

आता आपल्याकडे वळू. गर्भगिरीच्या कुशीतील या तालुक्यास परमुलूख नवा नाही. दसरा-दिवाळी आली की कितीएक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड बांधून ऊसतोडीस निघतात. काही तर थेट कर्नाटकात उतरतात, जेथे दुकानदाराची बोलीही कळत नाही. कारखान्याच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतात; नाव, गाव, धर्म कोणी पुसत नाही. त्यांच्या लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. दुसरीकडे शिकलेली मुले आखाती देशांत किंवा युरोपात नोकरीस जातात. तेथे पगार मिळतो. पण आजारपणी उशाशी बसणारे कोणी असेलच असे नाही.

जाणाऱ्यांस माझे सांगणे एवढेच की, जेथे जाल तेथील भाषा शिका, तेथील माणसांचे सुखदुःख जाणा आणि तेथील देवमंदिराची वाट पहिल्याच रविवारी धरा. स्वतःची भाषाही टाकू नका. स्टीफन्स मराठी झाले, तरी गोव्यात इंग्रज व्यापारी कैदेत पडले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करण्यास ते 1583 साली धावले होतेच.

मागे राहणाऱ्यांचे कर्तव्य याहून कठीण आहे. आपल्या गावी परप्रांताचा गवंडी, विटभट्टीवरचा मजूर अथवा फिरता विक्रेता येतो, तेव्हा आपण त्यास काय म्हणून हाक मारतो? ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाची मुले मागे राहिली, तर त्यांच्या पानात भाकर वाढणारे घर आपल्या धर्मग्रामात आहे ना? प्रभू येशू बाळपणीच मिसर देशी निर्वासित झाले, आणि अंतिम न्यायाच्या दिवशी आपण परक्याला घरात घेतले की नाही, हेही ते विचारणार आहेत. त्या दिवशी महोत्सवाचे मंडप आणि पताका आपल्या बाजूने साक्ष देणार नाहीत.

परक्यांनी आम्हांस देवशब्द आमच्याच भाषेत दिला. ते ऋण त्यांना फेडता येणे आता शक्य नाही. जो आज परका म्हणून दारी उभा आहे, त्याच्याच ठायी ते फेडावयाचे आहे. प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.