हात काय शिकले, तेही तपासा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेत विषय छापलाय 'उच्च प्राथमिक वर्गातलं कृतियुक्त शिक्षण'. वर्ध्याची १९३७ची शिक्षण परिषद, तिच्यातून पुढे आलेली हातकामातून शिकवणारी नई तालीम, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं बालशिक्षणाचं काम, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी थेट मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला जातो.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तिथल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. चार-चार मुलांचे गट स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणं स्वतः मांडायचे. १९७८ला काम जिल्हाभर पसरलं. पुढे एकलव्य संस्थेनं ते सांभाळलं.

त्याच १९७८मध्ये अरविंद गुप्ता हे इंजिनीअर टेल्को कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले. आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली. तिचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या यांतून आकार जोडायचं साहित्य तयार झालं. मी पिशवीत आणलंय. मागच्यांना दिसतंय ना?

(आवाज : 'नाही दिसत, सर!')

मग पुढे या, पहिल्या रांगेला कोणी चावत नाही. (हशा)

काडीचं गुल आधी खरवडायचं. ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की सांधा तयार. तीन काड्यांचा हा त्रिकोण. दाबा, हलत नाही. चार काड्यांचा हा चौकोन. बोट लावलं की कलंडला. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात, ते इथे बोटांना कळतं.

माझ्या सहावीच्या वर्गात एका मुलीनं चौकोन पक्का करायला घेतला. बाभळीच्या काट्यानं तिनं समोरासमोरच्या दोन सांध्यांना भोक पाडलं आणि तिरकी काडी लावायला गेली. काडी पुरेना. दुसरी घेतली, तीही आखूड. सगळ्या काड्या एकाच मापाच्या! मग तिनं चौकोन कलता केला, काडी बसली, आकार घट्ट झाला. शेजारचा ओरडला, "अगं, हे तर शंकरपाळं झालं!" ती गप्प बसली नाही. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून आणली, चौकोन सरळ धरून मापली, कापली, बसवली. मग पट्टी घेतली. बाजू चार सेंटिमीटर, कर्ण साडेपाचच्या जरा पुढे. म्हणाली, "सर, मोठा चौकोन केला तरी कर्ण एवढ्याच पटीनं मोठा होईल का?"

पायथागोरस तिच्या पुस्तकात यायला अजून अवकाश होता. त्याचा प्रश्न मात्र तिला आपणहून पडला होता. (टाळ्या)

टाळ्या थोड्या राखून ठेवा, कारण पुढचं ऐका. वार्षिक परीक्षेत प्रश्न आला : कर्णाची व्याख्या लिहा. तिची वाक्यरचना पुस्तकासारखी नव्हती. गुण कापले गेले. पुढच्या वर्षी तीच मुलगी व्याख्या पाठ करत बसलेली मी पाहिली.

म्हणून मी जिथे जातो तिथे एकच गोष्ट सांगतो : परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही. होशंगाबादच्या मंडळींनी हे ओळखलं होतं. तिथे लेखी परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. पाठांतराला भाव उरला नाही, तेव्हा मुलांनी प्रयोग मनावर घेतला.

(आवाज : 'आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक आहेच की!')

आहे, बाई. वर्षभर चालणारं हे मूल्यमापन २०१०पासून आहे, आणि ते आणलं याचा मला आनंद आहे. पण प्रात्यक्षिकाचा रकाना बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेरीस एका बैठकीत भरला जातो. शिक्षकांना दोष देत नाही, मीही त्यांच्यातलाच. पटसंख्या, निवडणुकीची कामं, माहितीचे तक्ते, सगळं मला ठाऊक आहे. (मागून : 'पोर्शन राहिला!' हशा) पोर्शनही. तरीही ज्या गोष्टीला खरोखर तपासून गुण दिले जात नाहीत, ती शाळेत टिकत नाही, हे तुम्हीआम्ही रोज बघतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. साहित्यपेटी आणि गट कसे पाडावेत, हे दोन मुद्दे सोडून देतो.

एवढंच सांगतो. होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे हजार शाळांत पोचला होता, तरी २००२मध्ये सरकारनं तो बंद केला. वरून आलेली गोष्ट वरून जाऊ शकते. घटक चाचणी मात्र तुमच्या हातात आहे. येत्या जूनपासून प्रत्येक चाचणीत एक प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर मुलाला मोजून, जोडून किंवा कापून काढावं लागेल, आणि त्याला निम्मे गुण द्या. पालकांनो, घरी प्रगतिपुस्तक आलं की टक्क्यांच्या आधी मुलाला विचारा, यंदा तू काय बनवलंस? उत्तर आलं नाही, तर शाळेत जाऊन तोच प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.