खोडदच्या अँटेनांची मांडणी

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ 30 अँटेना मिळून एकच रेडिओ दुर्बीण होते.
हीच जीएमआरटी.
डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली.
तबकड्या तारांच्या जाळीच्या;
वारा आरपार जातो.

चित्र घडते अँटेनांच्या जोड्यांतून.
जोडीतले अंतर जास्त,
तर बारकावे दिसतात.
अंतर कमी,
तर पसरट तेजोमेघ दिसतात.
दोन्ही अंतरे हवीतच.

म्हणून 14 अँटेना मध्यभागी,
जवळजवळ.
त्याही मुद्दाम विस्कळीत.
तेच अंतर पुन्हा आले,
तर नवी माहिती थोडीच मिळते.
उरलेल्या 16 तीन भुजांवर,
दूरवर.

लक्षात घ्या,
अंतरे जितकी वेगवेगळी,
चित्र तितके स्वच्छ.

शिवाय पृथ्वी फिरते.
आकाशातून पाहता प्रत्येक जोडीची दिशा बदलते,
आणि तासागणिक
चित्रातल्या उणिवा भरून निघतात.