‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठे झालं?

आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

माझ्या मैत्रिणीने प्रोजेक्टसाठी १७ मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. त्या लॅबच्या सर्व्हरवर टाकायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमध्ये १७ नावं दिसली. मी म्हटलं, “झालं गं, उडव कार्डवरचं.” तिने उडवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, शेवटच्या ६ फाइल्स अर्धवट आहेत. सर्व्हरवरचा आमचा कोटा संपला होता.

मग एरर का नाही आली? आली होती हो. मीच ऐकली नाही.

बघा, प्रोग्रॅम ‘राइट’ म्हणतो तेव्हा लिनक्स तो डेटा आधी मेमरीत ठेवतो, साधारण ४ केबीच्या पानांत. बदललेलं पण अजून खाली न उतरलेलं पान म्हणजे ‘डर्टी पेज’. डर्टी म्हणजे खराब नाही, उधारी बाकी असलेलं! नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी कर्नल जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी पानं लिहायला काढतो. याला म्हणतात राइटबॅक. उधारी फारच वाढली, तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून ठेवतो.

आता डिस्क दुसऱ्या मशीनवर असली तर? आमच्याकडे एनएफएस होतं, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेलं. जुन्या आवृत्तीत सर्व्हरने डेटा पक्का उतरवल्याशिवाय उत्तर द्यायचंच नाही, असा नियम होता. सुरक्षित, पण संथ. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने मधला रस्ता काढला. सर्व्हर म्हणू शकतो, “मिळालं, पण अजून पक्कं नाही.” व्हॉट्सअ‍ॅपची एक टिक समजा. मग क्लायंट ‘कमिट’ पाठवतो, त्याचं उत्तर आलं की दुसरी टिक. तोपर्यंत क्लायंटने आपली पानं सोडायची नाहीत. कारण सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला, तर त्याच्या उत्तरातला खुणेचा आकडा बदलतो, आणि क्लायंट ओळखतो की सगळं पुन्हा पाठवायला हवं.

आणि दोन जण एकच फाइल वापरत असतील तर? नियम सोपा आहे. फाइल बंद करताना आपली सगळी डर्टी पानं सर्व्हरला द्यायची, उघडताना सर्व्हरला विचारायचं, “काही बदललंय का?” म्हणजे तुम्ही बंद केल्यावर ज्याने उघडली, त्याला ताजं दिसणार. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवली, तर ही खात्री नाही.

माझी चूक इथेच. ‘राइट’ला यश मिळालं, ते फक्त मेमरीपुरतं. कोटा संपल्याची बातमी आली ‘क्लोज’च्या वेळी. आणि मी एरर आली तर गप्प पुढे जा, असं लिहून ठेवलं होतं.

आता मी तीन गोष्टी पाळतो. महत्त्वाच्या फाइलवर ‘एफसिंक’ करायचं. ‘क्लोज’ने काय सांगितलं ते तपासायचं. आणि दुसऱ्या मशीनवरून फाइल उघडून चेकसम जुळल्याशिवाय मूळ प्रत उडवायची नाही.

त्या ६ पैकी ५ मुलाखती मैत्रिणीने पुन्हा घेतल्या. सहाव्या आजी तोवर गेल्या होत्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण ती अर्धी फाइल मी अजून जपून ठेवली आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप एकदा उघडून बघा!