आजारपणानंतरचे आजारपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा विषय शोधत बसण्याची मला गरज पडली नाही. आपण बहुतेकजणी माझ्या मुलाला ओळखता. कधी तो माझे बोट धरून चालताना आपल्याला दिसला, कधी कडेवर, आणि आता चाकाच्या खुर्चीत दिसतो. त्याला पाहून आपल्या मनात प्रश्न येतात. काहीजणी ते विचारतात, काहीजणी संकोचाने गप्प राहतात. त्या प्रश्नांची एकदा नीट उत्तरे द्यावीत, एवढाच माझा हेतू आहे. मी काही शास्त्र शिकलेली नाही. डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारून आणि घरात रोज पाहून जे कळले, तेवढेच सांगणार आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चौदा महिन्यांचा होईपर्यंत तो चारचौघांच्या मुलांसारखा बसत होता, उभा राहत होता. मग त्याला उलट्या-जुलाब झाले, ताप आला. पाच दिवसांत ताप उतरला. पण मूल बसेना. मान कलंडू लागली. पुढे रक्त तपासले, त्यात लॅक्टिक आम्ल वाढलेले निघाले. एम.आर.आय. काढला, त्यात मेंदूच्या आतल्या भागात दोन्ही बाजूंना सारखेच डाग दिसले. जनुकांची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले : ली सिंड्रोम. लंडनच्या डेनिस ली या डॉक्टरांनी १९५१ साली त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. हा तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा आजार आहे.

आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका हा शब्द आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत या कणिका असतात. पुष्कळ पेशींत शेकड्यांनी असतात. खाल्लेल्या अन्नापासून आणि श्वासातल्या प्राणवायूपासून शरीराला लागणारी बहुतेक शक्ती त्याच तयार करतात. त्या बिघडल्या तर माणूस आजारी पडतो, हे १९६२ साली स्वीडनमधील रॉल्फ लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम दाखवले. ज्या अवयवांना शक्ती जास्त लागते, म्हणजे मेंदू, स्नायू, हृदय, डोळे, तेथे हा बिघाड आधी जाणवतो.

आपण साऱ्या घर चालवतो, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगते. एखाद्या घरात पगार इतका बेताचा असतो की महिना कसाबसा निभतो आणि शिल्लक काही राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला घर ठीक चाललेले दिसते. मग अचानक मोठा खर्च येतो. दुसऱ्या घरात अशा वेळी साठवलेले पैसे काढतात. या घरात भांडी आणि दागिने गहाण पडतात. ताप हा असा खर्च आहे. एक अंश सेल्सिअसने ताप चढला की शरीराचा खर्च दहा टक्क्यांहून अधिक वाढतो, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. त्यात मूल जेवत नाही, म्हणजे आवकही थांबते. माझ्या मुलाचे अशा वेळी काहीतरी गहाण पडते. कधी चालणे, कधी बोलणे, कधी घास गिळणे. ताप गेल्यावर त्यातले काही सुटते, काही कायमचे जाते. काय सुटेल, हे त्या वेळी कोणीही सांगू शकत नाही.

म्हणून भगिनींनो, आमच्या घरी ताप उतरला की आजारपण संपत नाही. खरे आजारपण तेथून सुरू होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याला साधा ताप आला, शेजारच्या दोन मुलांना आला होता तसाच. ती मुले चौथ्या दिवशी खेळू लागली. आमच्या मुलाला चौथ्या दिवशी चमचा धरता येईना. पाणी पिताना ठसका लागू लागला, म्हणून पातळ पदार्थ घट्टसर करून भरवावे लागले. दिवसातून सोळा-सोळा तास तो झोपे. तीन आठवड्यांनी हातात चमचा आला. दोन महिन्यांनी ठसका कमी झाला. भिंतीला धरून तो चार पावले टाकत असे, ती मात्र आजतागायत परत आलेली नाहीत.

या दोन-तीन महिन्यांत आईने काय करावे? मी काय करते ते सांगते.

पहिली गोष्ट, तापाच्या आधीची तयारी. उपाशी राहणे या मुलांना सोसत नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी त्याचे खाणे चुकवायचे नाही, आणि आजारात थोडे थोडे पण वरचेवर द्यायचे. उलटी थांबत नसेल, मूल खात नसेल किंवा सुस्त वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचे. आमच्या डॉक्टरांनी एक पत्र लिहून दिले आहे. आजाराचे नाव, कोणते सलाईन लगेच लावावे, कोणती औषधे टाळावीत आणि कोणाला फोन करावा, हे सारे त्यात आहे. एकदा रात्री एका रुग्णालयात, ‘साधा ताप आहे, सकाळी या,’ असे सांगून आम्हांला परत पाठवत होते. ते पत्र पुढे केले तेव्हा मुलाला दाखल करून घेतले. आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा डॉक्टरांच्या सहीचा कागद रात्री दोन वाजता अधिक उपयोगी पडतो. असा दुर्धर आजार घरात असलेल्या प्रत्येक आईने आपल्या डॉक्टरांकडून असे पत्र मागून घ्यावे आणि दाराजवळच्या पिशवीत ठेवावे. सगळ्या मुलांना एकच सलाईन चालते असे नाही, म्हणून पत्र ज्याचे त्याचेच असावे.

दुसरी गोष्ट, ताप उतरल्यानंतर घाई करायची नाही. पहिल्या आठवड्यात व्यायाम नाही, शाळा नाही, ‘बघू, उभा राहतोस का’ नाही. पुढे डॉक्टर आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगतील तसे दिवसाला पाच-दहा मिनिटे. मी एक वही ठेवली आहे. तीत मागच्या वर्षीचे काही लिहिलेले नाही. ताप उतरल्याच्या दिवसापासून नवे पान सुरू होते. ‘आज दोन घास स्वतःच्या हाताने,’ ‘आज ताईला हाक मारली,’ अशा नोंदी. मागच्या वर्षीच्या मुलाशी आजच्या मुलाची तुलना केली, तर रोज त्याचे उणेच दिसते. आजच्या दिवसापासून मोजले, तर त्याची मिळकत दिसते. तीच वही मी डॉक्टरांपुढे ठेवते, म्हणजे सांगण्यात गफलत होत नाही.

तिसरी गोष्ट अवघड आहे. काय परत मिळवण्यासाठी झटायचे आणि काय सोडायचे, हे आईबापांना ठरवावे लागते. चाकाची खुर्ची आणायची ठरली तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. खुर्ची घरात आली म्हणजे मुलाच्या चालण्यावर आपण पाणी सोडले, असे त्यांना वाटले. आणि त्यांचे वाटणे मायेचेच होते. पण हिशेब असा होता. दोघांनी धरून त्याला शाळेच्या वर्गापर्यंत चालवत नेले, तर बाकावर बसेपर्यंत त्याची दिवसाची शक्ती संपत असे. मग पाटी कशाने धरायची? खुर्चीतून गेला, तर दोन तास तो वाचतो, मुलांत हसतो, आणि घरी आल्यावर दहा मिनिटे उभे राहण्याचा व्यायामही करतो. थोडी मिळकत असलेल्या घरात पैसा कोठे घालायचा हे जसे ठरवावे लागते, तसेच हे. आता सासूबाई स्वतः त्याची खुर्ची ढकलत देवळात नेतात.

मुलाची एक मोठी बहीण आहे, अकरा वर्षांची. तिच्याविषयी बोलल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. घरात सर्दी-खोकला येऊ नये म्हणून आम्ही जपतो, त्याचे ओझे तिच्यावर पडते. एकदा तिला घसा दुखत होता, आणि भाऊ आजारी पडेल या भीतीने तिने तीन दिवस ते कोणाला सांगितले नाही. तिला जवळ घेऊन आम्ही सांगितले की सर्दी होणे हा गुन्हा नाही. ती सांगायची, मग तोंडाला मास्क लावून दुसऱ्या खोलीत झोपायचे, आणि रात्री आई किंवा बाबा तुझ्याजवळ झोपतील. घरातली आम्ही सारी फ्ल्यूची लस दरवर्षी घेतो. आठवड्यातील एक संध्याकाळ केवळ तिची असते.

आता एक गोष्ट मला स्पष्टपणे बोलायची आहे. ‘हा आजार आईकडून येतो,’ असे आपल्यातल्या एकदोघींनी कोठेतरी वाचले आणि ते माझ्या कानांवर आले. त्यात अर्धेच सत्य आहे. तंतुकणिकांमध्ये सदतीस जनुके असतात. ती आईकडून येतात, हे खरे. पण तंतुकणिकांच्या कामाला हजाराहून अधिक प्रथिने लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांची जनुके पेशीच्या केंद्रकात असतात. ती आई आणि वडील या दोघांकडून येतात. माझ्या मुलाचा दोष आम्हां दोघांकडून आला आहे, आणि आम्ही दोघेही धडधाकट आहोत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा संभव चारात एक असतो. नात्यात लग्न झाले असेल, तर दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा घरांनी जनुकांच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि आजार केवळ आईकडून आला असता, तरी त्यात तिचा अपराध तो कोणता? डोळ्यांचा रंग कोणी ठरवून देत नाही.

या आजारावर रोग समूळ घालवणारे औषध अजून नाही. काही थोड्या प्रकारांत विशिष्ट जीवनसत्त्वांनी चांगला गुण येतो, म्हणून नेमका प्रकार कळणे महत्त्वाचे असते. ली सिंड्रोमची पुष्कळ मुले पहिल्या काही वर्षांतच जातात. आम्हांला हे ठाऊक आहे. आपल्यापासून ते लपवण्यात अर्थ नाही. सरकारने २०२१ साली दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्याखाली काही रुग्णालये विशेष केंद्रे म्हणून नेमली, मुंबईचे के.ई.एम. त्यांपैकी एक आहे. कोणाच्या नात्यात आजारामागून आजारात मागे पडत जाणारे मूल असेल, तर ‘अशक्तपणा आहे, येईल सुधारून’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना हे सांगा.

शेवटी मंडळाकडे माझे मागणे आहे. सर्दी-ताप असेल तेव्हा आमच्याकडे येऊ नका. हळदीकुंकवाला न आल्याबद्दल मी रुसणार नाही, उलट आभार मानीन. मुलासमोर ‘अगंबाई, आता चालत नाही का?’ असे विचारू नका. त्याला सारे कळते. काल बसत होता आणि आज निजून आहे, म्हणून तो लबाडी करतो असे समजू नका. काढे आणि गोळ्या मायेने आणता, पण डॉक्टरांना विचारल्यावाचून मी त्या देणार नाही. आकडीवरचे एक नेहमीचे औषधसुद्धा या आजाराच्या काही प्रकारांत यकृताला घातक ठरते, मग बाकीच्यांचे काय सांगावे?

आणि एक. ताप येतो तेव्हा पहिल्या तीन दिवसांत आपण डबे पाठवता, फोन करता. त्याचे मोल मला आहे. पण ताप उतरला असे कळताच डबे थांबतात, आणि नेमके तेव्हाच मला मनुष्यबळ लागते. रात्री जागून मूल सांभाळायचे, दिवसा घास घास भरवायचे, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे. तिसऱ्या आठवड्यात कोणी तासभर येऊन मुलाला गोष्ट वाचून दाखवली, तर मला तेवढ्यात आंघोळ करून दोन घास सुखाने खाता येतात. हे केवळ माझ्यासाठी मागत नाही. आपल्या गल्लीत बाळंतिणी आहेत, हाड मोडलेल्या आजी आहेत, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेली माणसे आहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडे गर्दी असते, तिसऱ्या आठवड्यात कोणी नसते. मंडळाने एक वही घालावी आणि ‘तिसऱ्या आठवड्याच्या पाळ्या’ लावाव्यात, अशी सूचना मी आज मांडते. ज्या महिन्यांत मुलगा बरा असेल, त्या महिन्यांत माझे नाव त्यात पहिले लिहावे.